मावशींचे दीड हजार आणि अण्णांचं घर

*ताई,*

*वरळीच्या बीडीडी चाळीच्या नव्या इमारतीत आम्हाला घर मिळालं. वास्तुशांतीला पन्नासेक माणसं होती. जेवणं उरकल्यावर बाहेरच्या खोलीत गप्पा रंगल्या आणि विषय सरकारच्या 'लाडकी बहीण' योजनेवर आला. माझे सासरे, आम्ही त्यांना अण्णा म्हणतो, म्हणाले, "फुकट मिळायला लागलं की माणूस हात हलवत नाही. लोकांना भिकेची सवय लावलीय." तेव्हा आत मोरीपाशी आमच्याकडे अकरा वर्षं कामाला असलेल्या मावशी भांडी घासत होत्या. त्यांचा नवरा गेला, वडीलही नाहीत. ई-केवायसीत, म्हणजे आधारवरून ऑनलाइन ओळख पटवण्यात, अडकून त्या योजनेचे महिन्याचे दीड हजार बंद झालेत. त्यांनी नळ बंद केला, त्यावरून मला कळलं की त्यांनी ऐकलं. माझा ताबा सुटला. बाहेर जाऊन सगळ्यांसमोर म्हणाले, "मग हे घर तुम्ही विकत घेतलंत का, अण्णा?"*

*अण्णा गिरणीत बदली कामगार होते, संपानंतर वॉचमनकी केली. दोन महिने झाले, ते माझ्याशी बोलत नाहीत. नवरा म्हणतो, माफी माग. मी अकाउंट्समध्ये नोकरी करते, आकडे मला कळतात. पण अण्णांना पटवून कसं देऊ? की गप्पच बसू?*

*— वरळीची सून*

माफी मागा. आज संध्याकाळी घरी गेल्यावर, चहाच्या वेळी. पन्नास माणसांसमोर बोलल्याबद्दल मागा आणि तेवढ्याचीच मागा. "अण्णा, सगळ्यांदेखत तसं बोलायला नको होतं" एवढं वाक्य पुरे. त्याला "पण" जोडू नका. तुमचा मुद्दा कुठे पळून जात नाही, त्याच्याकडे आपण येऊच.

आधी त्या घराचं बोलू, कारण तुमच्या प्रश्नाचं मूळ तिथे आहे. बीडीडी चाळी इंग्रजांच्या काळात, १९२०च्या दशकात बांधल्या गेल्या. एकट्या वरळीत १२१ चाळी. खोली १६० चौरस फुटांची, संडास मजल्यावर सामायिक. त्या खोलीत अण्णांनी आईवडिलांची आजारपणं काढली, मुलं वाढवली, गावाहून आलेल्या भावकीला जागा दिली. रात्री कोण कुठे झोपायचं ते ठरलेलं असे आणि उरलेले पुरुष गॅलरीत. ऑगस्ट २०२५ मध्ये वरळीत पहिल्या ५५६ कुटुंबांना चाव्या मिळाल्या. घर ५०० चौरस फुटांचं, मालकीचं, रहिवाशाकडून किंमत न घेता. जमीन सरकारी, काम म्हाडाचं, आणि त्याच जमिनीवर विक्रीसाठी ज्या इमारती उभ्या राहतील त्यांच्या पैशातून हा खर्च निघायचा आहे. म्हणजे वरळीच्या जमिनीला जे मोल आलं त्यातला वाटा तिथे तीन पिढ्या राहिलेल्यांना द्यायचा, असं सरकारने ठरवलं. मला हा निर्णय मनापासून योग्य वाटतो. वॉचमनच्या पगारात वरळीत ५०० चौरस फूट घ्यायला अण्णांना किती जन्म लागले असते ते तुम्ही अकाउंट्सवाल्या आहात, मांडून बघा.

म्हणून तुम्ही म्हणालात त्यात तथ्य होतंच. अण्णांना सार्वजनिक संपत्तीतून मोठी मदत मिळाली आणि तिला ते हक्क म्हणतात. मावशींना महिन्याला दीड हजार मिळत होते, त्याला ते भीक म्हणतात. पण तुम्ही तो मुद्दा अशा शब्दांत मांडलात की अण्णांना त्यांच्या घराची लाज वाटावी. ज्या दिवशी शेजारपाजारच्यांना घर दाखवताना त्यांची छाती भरून आली असेल, नेमकं त्याच दिवशी. मावशींना दीड हजारांची लाज वाटू नये म्हणून तुम्ही बोलायला गेलात आणि लाज उचलून अण्णांच्या अंगावर टाकलीत. दोघांपैकी कुणालाच ती वाटायचं कारण नाही.

आता "हात हलवत नाही" हे वाक्य. ते मी गेली तीस वर्षं ऐकते आहे, बंगल्यांत ऐकलंय आणि झोपडपट्टीतही ऐकलंय. ते खरं आहे का, हे लोकांनी तपासून पाहिलं आहे. मुंबईत जन्मलेले नोबेलविजेते अर्थतज्ज्ञ अभिजित बॅनर्जी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी सहा विकसनशील देशांतल्या सात रोख-मदत कार्यक्रमांची आकडेवारी तपासली. पैसे मिळाल्यामुळे माणसं काम सोडतात असा पुरावा त्यांना सापडला नाही. आपल्या शेजारी मध्य प्रदेशात कष्टकरी बायकांच्या 'सेवा' संघटनेने युनिसेफच्या मदतीने काही गावांत दर माणशी, कुठलीही अट न घालता, रोख रक्कम देऊन बघितली. सुरुवातीला मोठ्या माणसाला महिन्याला २०० रुपये, नंतर ३००. तिथे दारूवरचा खर्च वाढला नाही. उलट बऱ्याच जणांनी दुसऱ्याच्या शेतावरची मजुरी कमी करून स्वतःचं काहीतरी, म्हणजे शेत, शेळ्या, शिलाई, वाढवलं.

हे तुमच्या माहितीसाठी. अण्णांपुढे अभ्यासांची नावं घेऊन बसू नका. त्यांना एवढंच विचारा, की आपल्या मावशी दीड हजार मिळत होते तेव्हा किती घरी जायच्या आणि आता किती घरी जातात? उत्तर त्यांनाही माहीत आहे, ते रोज दार उघडतात. मुंबईत दीड हजारांत खोलीचं भाडं निघत नाही. या पैशावर बसून खायचं म्हटलं तरी जमणार नाही. जमतं ते एवढंच, की आजारी पडल्यावर एक दिवस घरी राहता येतं, किंवा मुलीची फी भरायला मुकादमाकडून शेकडा दहाने उचल घ्यावी लागत नाही.

अण्णांचं आणखी एक म्हणणं असणार, मी पैजेवर सांगते, "पैसे नकोत, काम द्या." आणि इथे मी त्यांच्या बाजूची आहे. हा विचार आपल्याच मातीतला आहे. विधान परिषदेचे सभापती वि. स. पागे यांनी १९६५ मध्ये तासगाव भागात मागेल त्याला काम देण्याचा प्रयोग सुरू केला, १९७२च्या दुष्काळात त्याची राज्यभर योजना झाली, १९७७ मध्ये कायदा संमत झाला आणि १९७९ पासून तो लागू झाला. देशाला २००५ साली असा कायदा मिळाला, त्याआधी पाव शतक महाराष्ट्रात तो होता. आणि त्याला पैसा कुठून आला? तुमच्या पगाराच्या स्लिपवर 'पीटी' म्हणून २०० रुपये कापलेले दिसतील. तो व्यवसाय कर, १९७५चा. रोजगार हमीसाठीच तो बसवला गेला आणि त्यातला मोठा वाटा मुंबईच्या पगारदारांनी भरला. तेव्हाही इथे कुरकुर होतीच, की आमच्या पैशांवर गावाकडे खडी फोडतायत. त्याच खडी फोडणाऱ्या बायकांच्या मजुरीवर दुष्काळातली घरं तगली.

पण ती हमी गावाची होती. मुंबईसारख्या शहरातल्या माणसाला काम मागायचा असा हक्क कधी मिळाला नाही. आणि मावशींना काम देऊन करायचं काय? त्या सकाळी सहापासून कामच करताहेत.

पैसा येतो कुठून, हा अण्णांनी न विचारलेला पण विचारायला हवा असा प्रश्न. तो टाळू नका, टाळलात तर तुमची बाजू लंगडी पडेल. लाडकी बहीण योजना जून २०२४च्या अर्थसंकल्पात जाहीर झाली, नोव्हेंबरात विधानसभेची निवडणूक होती. २०२५-२६ साठी या एका योजनेला ३६ हजार कोटींची तरतूद झाली. त्याच वर्षी सामाजिक न्याय आणि आदिवासी विकास विभागांचा निधी इकडे वळवला गेला. दलित वस्तीतल्या वसतिगृहाचा पैसा काढून दलित बाईच्या खात्यात टाकायचा, याला मी मदत म्हणत नाही. लहान मुलाच्या ताटातली पोळी आईच्या ताटात सरकवण्यासारखं आहे ते. योजना घाईने आली, निवडणुकीच्या तोंडावर आली आणि तिच्यासाठी नवा पैसा उभा केला गेला नाही, हे सगळं खुल्या मनाने मान्य करा. मान्य केल्यावरही मावशींची गरज तेवढीच उरते.

बोगस लाभार्थी? आहेत. २०२५ मध्ये सरकारनेच सांगितलं की २६ लाखांवर नावं संशयास्पद आहेत आणि चौदा हजारांहून जास्त तर चक्क पुरुष आहेत. संताप यावा अशीच गोष्ट आहे. निवडणुकीआधी अर्जांची छाननी धडपणे झाली नाही, म्हणून नंतर चाळण लावली. चाळण लावताना नवऱ्याचा किंवा वडिलांचा आधार क्रमांक मागितला, त्यावर ओटीपी येणार. ज्या बाईचे दोघंही वारले, जिला नवऱ्याने टाकलंय, तिने ओटीपी कुठून आणायचा? चोराला पकडायला लावलेल्या जाळ्यात सगळ्यात आधी विधवा अडकली. कागद करताना ज्याच्या डोळ्यांसमोर नवरा-बायको-दोन मुलं असं एकच घर असतं, त्याच्याकडून असं होतं.

आता मला जे सांगायचंच आहे ते. या शहरात गरीब कोण, याच्या निदान तीन मोजपट्ट्या आहेत. लाडक्या बहिणीसाठी कुटुंबाचं उत्पन्न वर्षाला अडीच लाखांपर्यंत चालतं. रेशनवर प्राधान्य कुटुंबाचं धान्य हवं असेल, माणशी ५ किलो, तर शहरात मर्यादा ५९ हजार. म्हणजे महिन्याला पाच हजारही नाहीत. आणि संजय गांधी निराधार योजनेत, जी खास विधवा, परित्यक्ता, दुर्धर आजारी माणसांसाठी आहे, तिथे मर्यादा २१ हजार. महिन्याला १७५० रुपये! वरळीत एका घरची भांडी-लादी केली तरी बाई त्या रेषेच्या वर जाते. सगळ्यांत निराधार माणसासाठी सगळ्यांत तोकडी पट्टी. २०२३ मध्ये निराधारची रक्कम हजारावरून दीड हजार झाली, पट्टी मात्र जिथे होती तिथे राहिली.

रेशनचं तर आणखी वेगळंच. महाराष्ट्राचा इष्टांक, म्हणजे किती माणसांना धान्य द्यायचं तो ठरवून दिलेला आकडा, सुमारे सात कोटी माणसांचा, तोही २०११च्या जनगणनेवर बांधलेला. म्हणून मुंबईत हजारो घरांत केशरी कार्ड आहे, त्यावर सगळ्यांची नावं आहेत, आणि धान्य नाही. रेशनिंग ऑफिसात बाई विचारते, "साहेब, माझं धान्य कधी चालू होणार?" उत्तर येतं, इष्टांक शिल्लक नाही. कुणाचं तरी नाव कमी झालं की तिचं लागणार.

मी काही वर्षं लालबाग-परळ भागात लोकांचे अर्ज भरून द्यायचं काम करत होते. एक बाई आली, चाळिशीची, विधवा, पापड लाटायची. मी तिला उत्पन्न विचारलं, तिने खरं सांगितलं, मी खरं लिहिलं: वर्षाला २४ हजार. निराधारचा अर्ज नामंजूर झाला. तिच्याच शेजारणीने एजंटला पाचशे रुपये दिले, त्याने २० हजारांचा दाखला काढून दिला, तिला पेन्शन सुरू झाली. दोघी एकाच गल्लीत, एकाच कामावर. पुढे सहा महिन्यांनी ती पहिली बाई मला रस्त्यात भेटली आणि म्हणाली, "ताई, तुम्ही खरं लिहिलंत ना, म्हणून." तिच्या बोलण्यात राग नव्हता. मी त्या रात्री जेवू शकले नाही. खोटं बोलल्याशिवाय पार करता येणार नाही इतक्या खाली आपण रेषा आखतो आणि मग पार केलेल्यांना लबाड म्हणतो. नियम सुधारायचे तर सुरुवात इथून करा, असं मी प्रत्येक बैठकीत सांगत आले आहे. उत्पन्नाच्या मर्यादा शहराच्या भाड्याशी जोडा, दर दोन वर्षांनी बघा, आणि अर्ज नाकारला तर कारण लेखी द्या.

तर अण्णांना कसं पटवायचं? मला वाटतं, पटवायला जाऊच नका. त्यांना बरोबर घ्या.

बदली कामगार म्हणजे काय असतं ते आठवा, किंवा त्यांनाच विचारा. रोज पाळीच्या वेळेला गेटवर उभं राहायचं, कायम कामगारांपैकी कुणी आला नाही तर आत घेणार, नाहीतर घरी. बदलीचा बिल्ला जपायचा, हजेरी मोजायची. मग १८ जानेवारी १९८२. अडीच लाख माणसं संपावर. तो संप रीतसर मागे घेतलाच गेला नाही, हे अण्णा तुम्हाला तारखेसकट सांगतील. त्या वर्षात घर कसं चाललं, गावाहून तांदूळ आला का, कुणी किराणा उधार दिला, कुणाच्या बायकोने डबे करून द्यायला सुरुवात केली, हे विचारा. नातवंडांना मांडीवर बसवून विचारा. वाद जिंकायचा म्हणून विचारू नका. त्यांना ते सांगायचं असेल आणि इतक्या वर्षांत नीट कुणी विचारलं नसेल म्हणून विचारा. ज्या माणसाने गेटवर उभं राहून दिवस काढले, त्याला सरकारी ऑफिसच्या खिडकीवर उभ्या असलेल्या बाईचे पाय दुखतात हे दुसऱ्या कुणी समजावून द्यावं लागत नाही. फक्त ती बाई त्याच्या समोर यायला हवी. टीव्हीवरच्या चर्चेत ती येत नाही.

म्हणून अण्णांना सांगा, "मावशींचं काम अडलंय. मला ऑफिसमुळे जाता येत नाही. तुम्ही जाल का बरोबर?" त्यांच्याकडे वेळ आहे, कागद कसे लावायचे ते म्हाडाच्या पात्रता यादीपासून चावीपर्यंत त्यांनी सगळं केलेलं आहे. सरकारी माणसाशी आवाज न चढवता पण न हटता कसं बोलायचं, हे चाळीतल्या माणसाला आपल्यापेक्षा चांगलं येतं. नाही म्हणाले तर गळ घालू नका, तुम्ही अर्धा दिवस रजा टाका. पण मला वाटतं ते जातील.

त्याआधी मावशींना विचारा. त्यांच्या संमतीशिवाय त्यांचं प्रकरण अण्णांकडे नेऊ नका, आणि त्या दिवशी जे कानावर पडलं त्याबद्दल तुमच्यातर्फे दोन शब्द बोला. अकरा वर्षं ओळख असलेल्या बाईला ते पुष्कळ असतं.

कामाचं असं आहे. पती आणि वडील दोघंही हयात नसतील तर मृत्यूच्या दाखल्याची प्रत अंगणवाडी सेविकेकडे द्यायची, अशी सोय सरकारने नंतर केली. मुदती वारंवार बदलल्या आहेत, म्हणून सध्या काय चालू आहे ते आधी त्यांच्या वस्तीतल्या अंगणवाडीतच विचारा, सायबर कॅफेवाल्याला नको. बँकेत जाऊन आधार खात्याला नुसतं जोडलंय की पैसे जमा होण्यासाठी सीड केलंय, हे स्वतंत्र तपासा. दोन्ही वेगळं असतं आणि निम्मी प्रकरणं मी तिथे अडकलेली पाहिली आहेत. निराधारच्या नादी लागू नका. उत्पन्नात बसणार नाही, आणि बसलं तरी दोन्हीकडचे दीड हजार मिळत नाहीत. रेशन कार्डावरचा बारा अंकी नंबर ऑनलाइन दिसतो का आणि धान्य चालू आहे का, ते बघा. बोटांचे ठसे मशीनवर येत नसतील, भांडी घासणाऱ्या बायकांचे बऱ्याचदा येत नाहीत, तर दुकानदाराला ओटीपीने धान्य द्यायला सांगा. घरेलू कामगार कल्याण मंडळात नोंदणी झाली नसेल तर करून घ्या. २००८च्या कायद्याने ते मंडळ आलं, पंचावन्न वर्षांवरच्या नोंदीत बायकांना दहा हजारांचं सन्मानधन मिळत आलं आहे. पण नोंदणी चालू ठेवावी लागते आणि मालकिणीने कामाचं लिहून द्यावं लागतं. ते पत्र तुम्ही द्यायचं.

त्या कायद्यात मंडळ आहे, पगाराचा दर नाही. तो तुमच्या हातात आहे. म्हणून एक विचारते, रागावू नका: मावशींना तुम्ही किती देता? शेवटची वाढ कधी झाली? महिन्यातल्या चार सुट्ट्या भरपगारी आहेत का, आणि दिवाळीला एक पूर्ण पगार जातो का? पाचशे चौरस फुटांची लादी १६० फुटांच्या दरात पुसली जात असेल, तर अण्णांशी वाद घालण्याआधी ते दुरुस्त करा. मावशी मागणार नाहीत. तुम्ही वहीत लिहून, या महिन्यापासून, आकडा सांगून टाका.

आणि अण्णा जायला तयार झाले तर त्यांना सकाळी लवकर निघायला सांगा, दुपारच्या जेवणानंतर खिडकी उघडायला उशीर होतो. मृत्यूच्या दाखल्याच्या तीन झेरॉक्स काढा. मूळ कागद मावशींच्या पिशवीतच राहू दे, कुणी मागितला तरी दाखवायचा आणि परत घ्यायचा. अर्ज दिल्यावर पोच घेतल्याशिवाय अण्णांनी तिथून हलायचं नाही, हे त्यांना सांगायची गरज पडणार नाही.